आंब्याच्या वळणावर जळक्या लाकडाचा वास

आधीच सांगून ठेवतो – भूत, चकवा, अंगात येणं, यातलं मला काही पटत नाही. मी झेडपीच्या शाळेत मास्तर. आमच्या मोखाडा तालुक्यात दर दोन झाडांमागे एक भूत राहतं आणि पोरं सकाळी त्यांच्या बातम्या घेऊन वर्गात येतात. मी म्हणायचो, एकदा घेऊन या त्याला, पटावर नाव घालतो. आता नाही म्हणत. का, ते लिहितो. हसायचं असेल तर हसा, मीही हसलो असतो.

आमचा पाडा सूर्यमाळच्या उताराला. पाड्याच्या वरच्या अंगाने पूर्वी ट्रॉलीची लाईन होती. जंगलातलं लाकूड मोटारीच्या रस्त्यापर्यंत आणायला कुणा ठेकेदाराने टाकलेली. इंजिन वगैरे काही नाही. रिकामी ट्रॉली माणसांनी ढकलत वर न्यायची, ओंडके भरायचे, की उताराने ती आपली आपण खाली. तिला आवरायला मागे एक माणूस उभा – लाकडी दांडा चाकावर दाबून धरायचा, तोच ब्रेक. तो माणूस म्हणजे माझा बा.

घराच्या बरोबर वर आंब्याचं वळण. तिथे उतार एकदम वाढतो आणि पलीकडे खोल घळ. त्या वळणावर बा दांड्यावर सगळं अंग टाकायचा. धावड्याचं लाकूड चाकाला घासून करकरायचं, तो आवाज खाली घरात यायचा, आणि मागोमाग जळक्या लाकडाचा वास. वास आला की आई चुलीवर तवा ठेवायची. बाच्या सदऱ्याला, हातांना कायम तोच वास. त्याचा फोटो नाही, चेहराही मला नीट आठवत नाही. माझ्यापाशी बाचा म्हणून उरलाय तो हा वास.

पुढे तोड बंद झाली, ठेकेदाराने रूळ उपटून नेले. बा त्याच्याच माणसांबरोबर गुजरातेत दुसऱ्या कामावर गेला. भातकापणीला येतो म्हणाला... आला नाही. दोनदा माणसं चौकशीला जाऊन आली. कोणी सांगितलं पुढे गेला, कोणी म्हणालं असा माणूस इथे आलाच नव्हता.

आमच्याकडे सर्वपित्रीला गेलेल्या प्रत्येकाच्या नावाने पानावर घास काढून घरावर ठेवतात. आई आजा-आजीचा ठेवायची, लहानपणीच गेलेल्या माझ्या बहिणीचा ठेवायची. बाचा कधीच नाही. भाऊबंद समजवायचे, इतकी वर्षं झाली, त्याला उपाशी ठेवू नको. आईचं उत्तर ठरलेलं.

"मेला असता तर मला सांगाया आला असता. आला नाय, म्हंजे जीता हाय."

मी विज्ञान शिकवतो, पण तिच्या या लॉजिकमध्ये मला कधी चूक काढता आली नाही. खरं सांगायचं तर काढायचीही नव्हती. ती दर सणाला एक भाकरी जास्त थापायची आणि आम्ही ती दुसऱ्या दिवशी गुपचूप खायचो.

आता मुख्य गोष्ट. दोन हजार चार-पाचचा सुमार, तेव्हा आमचा जिल्हा ठाणेच होता. हायस्कूल खाली रस्त्याला. पायवाट लांबची, पावसात ओढे आडवे, त्यामुळे पाड्यातल्या पोरी सातवीनंतर घरीच बसायच्या. माझी सारिका आठवीत जायची होती. झाडोऱ्याने भरलेली असली तरी लाईनची जागा अजून होती, ओढ्यांवरच्या दगडी मोऱ्या शाबूत होत्या. मग आम्ही ठरवलं की तीच मोकळी करायची आणि सगळ्यांसाठी चालायची आणि सायकलची वाट करायची. लोक म्हणाले, मास्तर, बाजारात तुरी... पाड्यात सायकल कुणाकडे आहे? खरंच एकही नव्हती. पण सबंध उन्हाळा श्रमदानाला माणसं आली, विहिरीवरच्या रांगेतून सुटल्या की बायका घमेली घेऊन थेट कामावर यायच्या. मी जव्हारहून सारिकासाठी एक जुनी सायकल आणली, शाळेच्या पटांगणात पडत-झडत ती शिकली.

आईचे गुडघे धरलेले, तरी ती रोज वर चढायची. मला वाटलं नातीसाठी करतेय. एकदा मुरूम पसरता पसरता मला म्हणाली, "रूळ उपटल्यापून त्याला वाट गावत नसल रं. आता मोकली झाली. यील." मी घमेलं उचललं आणि पुढे गेलो.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर वाट सुरू करायची ठरली. चार दिवस उघडीप होती. आदल्या दिवशी आईने बायकांना गोळा केलं आणि आंब्याचं वळण शेणाने सारवून घेतलं! घरी माणूस यायचा तर अंगण सारवायला नको का? वर रांगोळीसुद्धा. आमच्यात कुणी सायकलवाला असता तर कपाळावर हात मारून घेतला असता. पण आम्ही सगळे पायाने चालणारे. ते सारवण बघून मी स्वतः म्हणालो, वा, काय शोभा आली.

सकाळी भुरभुर सुरू झाली. सारिका वरच्या टोकाहून निघणार होती. आई वळणावरच्या दगडावर बसलेली, मी शेजारी छत्री धरून. घंटी ऐकू आली. मग पोरगी दिसली – हसतेय – आणि मग तिचं हसू गेलं. दोन्ही ब्रेक आवळलेले, चाकं ओली, सायकल काही ऐकेना. मी धावलो आणि सारवणावर तोंडघशी पडलो. पडल्या पडल्या पाहिलं, पुढचं चाक रांगोळीवरून सरळ घळीकडे चाललं होतं.

आणि करकरलं.

लांब, जड, लाकूड लोखंडाला घासल्यासारखं. सायकल घसरली नाही, आपटलीही नाही. कुणीतरी मागून सगळं अंग टाकून दाबत आणावं तशी हळू होत होत कडेला येऊन थांबली. सारिका पाय टेकून उभी राहिली. मागोमाग वास आला. सगळं रान ओलं, वाळकी काडी कुठे नाही, आणि जळक्या लाकडाचा तो वास... मी तीस वर्षांनी घेतला आणि ओळखला.

सारिकाला एवढंच सांगता आलं की कॅरियर कुणीतरी धरलं होतं. मागे कोणी नव्हतं. आई उठली, काठी न घेता चालत गेली, आधी कॅरियरवरून हात फिरवला, मग तो हात नाकाशी धरला. नंतर हळूच म्हणाली, "तुजा आजा व्हता, बाय."

पाड्यात आनंदीआनंद. नारळ फुटले, वळणाला शेंदूर लावायची भाषा सुरू झाली, सगळे म्हणू लागले बाने नातीला वाचवलं. मीही भारावून गेलो होतो, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर आईपाशी बसलो आणि म्हणालो, आये, तू म्हणायचीस ना येईल, बघ आला. ती चुलीपुढे बसली होती. चूल पेटवलेली नव्हती.

"जीता माणूस असा येत नाय रं, पोरा," ती म्हणाली. "सांगाया आला तो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि पोरगी सुखरूप मिळालेल्या दिवशी मी बापासाठी रडलो.

त्या वर्षी सर्वपित्रीला आईने एक पान जास्त मांडलं. नाव घेताना तिचा आवाज हलला नाही, माझाच हलला. तेव्हापासून सणाला ती मोजक्याच भाकऱ्या थापते.

वाट छान चालू आहे. वळणावर आता कठडा आहे, सारवण बंद आहे, पाड्यात सायकली झाल्यात आणि सारिका दहावी होऊन पुढे शिकायला गेली. मी मात्र त्या दिवसाच्या मागे लागलोय. मीही सायकल शिकलो, भुरभुर पावसात तीच घेऊन त्याच उताराला किती वेळा गेलो असेन, ती थांबत नाही. जव्हारच्या सायकलवाल्याला दाखवली, तो म्हणाला, मास्तर, ओल्या रिमला या रबराने गाडी उभी राहणं शक्य नाही. वासाचं तर मी कुणाला विचारतही नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला यामागचं कारण ठाऊक असेल – चाकात फांदी अडकली असेल, माती धरली असेल, काहीही – तर जरूर कळवा. चमत्कार खोटा ठरला म्हणून मला वाईट वाटणार नाही. आई अजून आहे. साधंसं एखादं कारण मिळालं, तर मला घरी जाऊन तिला सांगायचंय की आये, त्या दिवशी बा आलाच नव्हता.