अक्काचं खाली, माझं वर

अक्का गेली, आणि आमच्या कॉम्प्युटरचा खालचा बाण दाबणारं घरात कुणी उरलं नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लग्नपत्रिका तिने टाईप केल्यात. पुढच्या खोलीत पडद्याआड, चष्मा नाकावर घसरलेला, ती माझी आत्या. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण, म्हणून गल्लीचीच अक्का. श्रावणात गेली.

सातवी शिकलेली. गडहिंग्लजचं सासर सोडून कोल्हापुरात आली, टायपिंग शिकली, मग डीटीपी. अप्पा गुळाच्या बाजारात हमाल. घर या दोघांच्या हातांवर चालायचं.

कॉलेजात गेलेली घरात मी पहिलीच.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट लिनक्सवर, म्हणजे विंडोजपेक्षा वेगळ्या सिस्टीमवर, करायचा होता. लॅब पाचला बंद व्हायची. मुलं कुणाच्या तरी रूमवर जमून काम करायची. मला तशी परवानगी मिळाली नसती. मी मागितलीही नाही.

घरात कॉम्प्युटर एकच, अक्काचा. त्यात विंडोज, तिचे फॉन्ट, सगळ्या गिऱ्हाइकांच्या फाईली.

सर म्हणाले, एकाच मशीनवर दोन्ही राहतात. हार्ड डिस्कचा थोडा भाग मोकळा करायचा, तिथं लिनक्स टाकायचं. मात्र ते चालू असताना लाईट जाता कामा नये.

गेली तर सगळंच जाईल.

लोडशेडिंगचे ते दिवस ज्यांना आठवतात, त्यांना माझी भीती कळेल. वेळापत्रक पेपरात यायचं, पण लाईट ते वाचत नव्हती. आमचा यूपीएस मशीन नीट बंद करण्यापुरता टिकायचा.

मी अक्काच्या फाईली सीडीवर घेतल्या. प्रत्येक सीडी उघडून बघितली. मग परत बघितली. माहितीची पानं प्रिंट करून आणली, पेन्सिलीने खुणा केल्या.

तरी मशीनला हात लावायचं धाडस होईना. आज नको, उद्या. उद्या नको, रविवारी.

खंडेनवमीला अक्काने कॉम्प्युटर पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आणि मला म्हणाली,

"आण तुझी सीडी."

"आज?"

"आजच. एमआयडीसी बंद, वर्कशॉपं बंद. सगळ्यांच्या मशिनी हार घालून बसल्यात. मग एवढी लाईट जाणार कुठं? आज जात न्हाय बघ."

मी इतकी पानं वाचली होती. हे कुठल्याच पानावर नव्हतं.

अप्पा दारातून ओरडले, "अक्का! पूजा केलेल्या मशीनला आज हात लावत न्हाईत!"

"मी लावतीय व्हय? माझं काम बंदच हाय. तिचं शिक्षण हाय ते."

"आणि बिघडलं म्हंजे? दिवाळीची कामं काय हातानं लिहिणार?"

"लिहीन की. अक्षर तुझ्यापेक्षा बरं हाय माझं."

अप्पांना सहीपुरतंच लिहिता यायचं. तेही हसले.

हार बाजूला सरकवला. सीडी आत गेली.

पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. मी पट्टीकडे बघतच नव्हते. मी पंख्याकडे बघत होते.

पंखा फिरत राहिला. पट्टी भरली. लाईट गेली नाही.

मशीन परत चालू केलं.

काळा पडदा. कोपऱ्यात एक इंग्रजी शब्द आणि लुकलुकणारी रेघ. अक्काचं विंडोज नाही. माझं लिनक्सही नाही.

मला रडू फुटलं.

अक्काने स्टूल ओढलं आणि शेजारी बसली.

"रडून चालू हुतंय काय ते? कागदं वाच."

"वाचली गं सगळी."

"मग परत वाच. इंग्रजी आमाला येत न्हाय, तुला येतंय. म्हणून तर शाळंत घातली तुला."

डोळे पुसले. वाचलं. एक करून बघितलं, नाही झालं. दुसरं करून बघितलं, नाही झालं. जेवणं राहिली. अक्का स्टुलावरून उठली नाही, तर मी कशी उठणार?

शेवटी सापडलं. मशीन सीडीवरूनच चालू केलं आणि सुरुवातीला कुठलं उघडायचं ते विचारणारा भाग नव्याने बसवला.

पडद्यावर लिनक्स आणि विंडोज, अशी दोन नावं आली. एकाखाली एक.

आधी तिचं उघडलं. अक्काने एक पत्रिका काढली. वरचा गणपती जागेवर होता, खाली मामांची नावं जागेवर होती.

"हाय की सगळं," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिने पाठ टेकली.

"यात वर कुणाचं, खाली कुणाचं?"

"तुझं वर ठेवते. काही दाबलं नाही तर दहा सेकंदांनी वरचं आपोआप सुरू होतं. मला लागेल तेव्हा मी बाण दाबेन."

"तुझं वर ठेव."

"अगं, रोजचं काम तुझं..."

"घरात तुझं काय वर हाय आजवर? हितं तरी असू दे. मी दाबीन बाण."

मग वर्षानुवर्षं, रोज सकाळी, तिने बाण दाबला. कधी बटण दाबून चहा आणायला जायची आणि यायला उशीर व्हायचा. तोवर पडद्यावर लिनक्सचं चिन्ह, पेंग्विन. मग पुढच्या खोलीतून ओरडा.

"यव्वा! गेलं बघ! आला परत तुझा पेंग्विन!"

"बदलू का गं?"

"हात लावू नको. मी सावकाश हाय, त्यात त्याचा काय दोष?"

प्रोजेक्ट झाला. आता कागलच्या एमआयडीसीत नोकरी करते. तिथंही मशीन अडलं की उठून जावंसं वाटतंच. पण मी उठत नाही. कागदं परत वाचते.

आज खंडेनवमी. वर्षाच्या आत घरात सण नाही, म्हणून पूजा नाही. अप्पांनी कॉम्प्युटरवरचं फडकं तसंच राहू दिलं होतं.

मी काढलं. पुसलं. बटण दाबलं.

दोन नावं आली. आज खालचा बाण मी दाबला. तुझं चालू झालं, अक्का. सगळं जागेवर आहे.

मग मशीन परत सुरू केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. दहा सेकंद. माझं आपोआप आलं. तिथूनच हे लिहितेय.

वर-खाली काही बदललेलं नाही. बदलणारही नाही.

अक्का, नमस्कार करते.

आजही लाईट गेलेली नाही.