हालूनको फोटोवाला

लग्नाचा मांडव कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. पोरं रडतात, आचारी खेकसतो, वाजंत्री सनई काखेत मारून पान जुळवत बसतात आणि म्हाताऱ्या एकमेकींना तिसऱ्याच लग्नातल्या भानगडी ओरडून सांगतात. अशा मांडवात हा माणूस उजवा हात वर करायचा आणि म्हणायचा, "हालू नकात!" की सगळं थांबायचं. नवरा-नवरी थांबायचीच, पण ज्यांचा फोटोशी काही संबंध नाही तेही थांबायचे. आचाऱ्याचा झारा कढईवर तसाच. रडणारं पोर उघड्या तोंडाने गप्प. एका लग्नात भात वाढणारा पंगतीत अर्धा वाकलेला तसाच राहिला, आणि पानावर बसलेला म्हातारा हातातला घास तोंडाजवळ धरून. मामलेदाराच्या हुकमाला आमचा गाव कधी एवढा थांबला नाही.

म्हणून त्याचं नाव हालूनको. खरं नाव त्याच्या आईला ठाऊक असेल.

मी तिसरी शिकलेला सुतार. लिहिणं माझं काम नाही. बायको गेल्यापासून घरात ऐकायला कोणी नाही, म्हणून लिहितो. चुकलं तर चुकलं.

फोटोवाला म्हणून तो कसा होता? वाईट. सरळ सांगतो. लग्नाला स्वस्तातला फोटोवाला बोलवू का, असं कोणी मला विचारलं तर मी नको म्हणेन. तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीज होते. तिकडच्या कुठल्या पाद्र्याकडून त्याने आपली कॅमेऱ्याची पेटी घेतली होती. पेटीच्या भात्याला भोकं पडलेली, त्यांवर सायकलच्या ट्यूबची ठिगळं. फोटो काचेवर निघायचा. काचा ठेवायला चपटी लाकडी खोकी असायची. कोरी काच आणि फोटो काढलेली काच, दोन्ही खोकी एकाच पिशवीत. खूण काय, तर फोटो काढून झाला की त्या खोक्याला सुतळी बांधायची.

मी एकदा विचारलं, "आणि सुतळी सुटली तर?"

"तर मगे देव आसा," तो म्हणाला.

नांदगावच्या एका लग्नात नवऱ्याचं डोकंच फोटोत आलं नाही. नवऱ्याचा बाप भांडायला आला तर हा म्हणतो, "गळ्यापासून खाली बगा. झील केवढो रुबाबदार दिसता!" पैसेवाले लोक शहरातला स्टुडिओवाला बोलवत. आमच्यासारखे याला. आणि एकदा फसलेले पुन्हा यालाच बोलवत, कारण फोटो येवो न येवो, मांडव थांबलेला बघायला मिळायचा.

माझ्या लग्नाला तो आला तो असा. त्याच्या पेटीच्या तीन पायांच्या घोडीचा एक पाय मोडला होता. दादा, म्हणजे माझे वडील, त्यांनी सागाचा पाय करून दिला. हा म्हणाला, "दादा, झिलाच्या लग्नाचो फोटो माझ्याकडसून." दादांना फुकट म्हटलं की ऐकू जास्त यायचं.

त्याच्याकडे एक रंगवलेला पडदा होता. त्यावर तळं, तळ्यात हंस, मागे संगमरवरी जिना. पडद्यापुढे दोन खुर्च्या, ठरलेल्या अंतरावर. उजवीकडे नवरा, डावीकडे नवरी. सगळ्या जिल्ह्यातली लग्नं त्याने त्याच तळ्याकाठी बसवली.

हिच्या पायाला भिंगरी होती. लग्नाच्या दिवशीसुद्धा बोटं पदराच्या दशा वळत होती, पायाचा अंगठा जमीन उकरत होता. हालूनकोने हात वर केला आणि ती थांबली. श्वाससुद्धा थांबला. मला मान वळवायची सोय नव्हती, पण शेजारची हालचाल बंद झालेली अंगाला कळली. वाऱ्यावर सळसळणारं झावळ एकाएकी गप्प व्हावं तसं.

फोटो यायला शिमगा उलटला. आईने कागद सोडला आणि किंचाळली, "गे बाय माझे! हे कोण?"

फोटोत चौघं होती. खुर्च्या दोन, माणसं चार. माझ्या मुंडावळ्यांवरून कोणाचा तरी फुलांचा सेहरा खाली आला होता. माझ्या तोंडात दुसऱ्याचं तोंड. हिच्या चेहऱ्यात दुसरीचा चेहरा, डोळे कोणाचे आणि ओठ कोणाचे ते कळेना. हंस मात्र एकच, स्वच्छ. शेजारची म्हातारी म्हणाली, देवचार बसलाय. आईने मीठ-मिरच्या ओवाळल्या. ही तेवढी फोटो हातात घेऊन खूप वेळ बघत बसली आणि म्हणाली, "कोणाची गो ही? बिचारीक माहीत तरी आसात काय?"

माहीत झालं होतं. सुतळी सुटली होती. विजयदुर्गच्या हसनचं लग्न आमच्या आदल्या आठवड्यात झालं होतं आणि त्याच काचेवर हालूनकोने आमचं काढलं होतं.

हसन आगबोटीवर खलाशी. वर्ष-वर्ष घराबाहेर. बायकोचा फोटो ट्रंकेत घेऊन जायचा, एवढीच त्याची हौस. त्याच्या आईला सुनेचा फोटो काढणं पसंत नव्हतं. मुलगा हट्टाला पेटला तेव्हा ती कबूल झाली, पण एका अटीवर. फोटो एकच निघेल आणि परका माणूस तो बघणार नाही. आणि तो फोटो आमच्या वाडीत घरोघर फिरला होता.

एका सकाळी मचव्यातून हसन आला. सोबत त्याचे मामू, हातात छत्री. आणि मधोमध हालूनको, पेटी आणि घोडीसकट पकडून आणलेला. चुकलेला फोटो नव्याने काढून देतो म्हणून शपथ घेऊन आला होता.

हसनने रुमालात गुंडाळलेला फोटो काढून दादांपुढे धरला. "दादा, ह्यो फोटो माझो. माझ्या फोटोत तुमी कित्याक इलात?"

"आमी खंय इलो?" दादा म्हणाले. "आमी आमच्या मांडवात बसलेलो. तुमीच इलात आमच्यार बसूक!"

"आमचा लगीन आदी झाला!" मामू ओरडले.

"मगे आदीच उठून जावचा होता!"

हसायची गोष्ट आहे, पण तेव्हा कोणी हसलं नाही. मामूंचं म्हणणं, काच फोडा आणि तुमच्याकडचा फोटो आमच्यासमोर फाडा. आमच्या सुनेच्या तोंडावर परक्या सुनेचं कुंकू, आणि आमची सून तुमच्या वाडीत. दादांचं म्हणणं, आमच्या सुनेचा फोटो तेवढा एकच, तो फाडायला सांगणारा तू कोण? माझं म्हणणं कोणी विचारलं नाही, पण मला तो फोटो हवा होता. कसाही असो, त्यात ही माझ्या शेजारी बसली होती.

शब्दाला शब्द वाढला. मामूंनी छत्री उगारली. दादांनी त्यांचा गळा धरला. हसन माझ्यावर धावून आला आणि माझ्या हातात, मी कामावरून उठून आलो होतो, लाकूड तासायचा वाकस होता. तो मी वर उचलला. खोटं कशाला सांगू, खाली आला असता.

"हालू नकात!"

मी थांबलो. कसा थांबलो ते आज इतक्या वर्षांनी मला उमगलेलं नाही. वाकस वरच राहिला. हसनची मूठ माझ्या छातीपासून वीतभर लांब राहिली. मामूंची छत्री हवेत, दादांचे हात मामूंच्या गळ्यावर. आम्ही भांडत होतो तेवढ्यात त्याने फणसाखाली घोडी उभी केली होती आणि काळ्या फडक्याखाली शिरला होता. फडक्याच्या बाहेर नुसता त्याचा उजवा हात. त्याने भिंगावरचं झाकण काढलं आणि मोजायला लागला. एक. दोन. एवढं सावकाश मोजणं मी कधी ऐकलं नाही. तो मोजत राहिला. माझा दंड भरून आला. मामूंची छत्री थरथरायला लागली. राग धरायला हाताला जोर लागतो, तो जोर वाकस धरण्यात संपला.

आणि त्या एवढ्या शांततेत स्वयंपाकघराच्या दारातून ही चालत आली. हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात गुळाची वाटी. अंगण ओलांडून, आम्हा सगळ्यांमधून, सरळ मामूंपाशी.

फडक्याखालून आवाज आला, "वयनी, हालू नको!"

"चुलीर दूध आसा," ही म्हणाली. "माका थांबूक वेळ नाय. मामू, उन्हातसून इलात, पाणी घेवा आदी. दादा, तेंचो गळो सोडा, गिळतले कशे ते?"

दादांनी गळा सोडला. मामू पाणी प्यायले. पिताना त्यांना हसू आलं आणि ठसका लागला. मग हसन हसला.

निवाडा तिनेच केला. हसनचा फोटो हातात घेतला, आपल्या चेहऱ्यातल्या दुसरीकडे बघितलं आणि म्हणाली, "बायल बरी आसा रे तुझी. तुझ्या आवशीक सांग, आमच्याकडचो फोटो आमी भितीर लावचव नाय. माझ्या लुगड्यांखाली पेटयेत रवतलो. माझी भैण म्हणून रवतली ती." काच तेवढी फोडा, असं मामू म्हणाले. हालूनकोने माझा वाकस मागून घेतला, पिशवीतून ती काच काढून पायरीवर ठेवली आणि स्वतः फोडली.

हसन तो चौघांचा फोटो घेऊन बोटीवर गेला. परत आला तेव्हा बायकोला घेऊन आमच्याकडे आला, हिच्यासाठी चिनी मातीची बरणी घेऊन. लोणचं अजून तीतच असतं.

भांडणाचा फोटो मात्र निघाला. हालूनकोच्या हातून निघालेला तेवढाच चांगला फोटो मला माहीत आहे. मामूंच्या छत्रीची काडी न् काडी दिसते. माझ्या वाकसाची धार दिसते. आणि मधोमध, दारापासून मामूंपर्यंत, धुक्यासारखा पांढरा पट्टा. ती म्हणजे ही.

तो पट्टा हालूनकोच्या मनाला लागला. तेव्हापासून कुठल्याही लग्नाला जाताना तो वाट वाकडी करून आमच्याकडे यायचा आणि अंगणात घोडी मांडायचा. "आज हिका पकडतलंयच." हिने कधी कोंबडी हाकलली, कधी पोर उचललं, कधी नुसती हसली. दर वेळी काच फुकट. "अख्खो गाव माझ्या हाताक थांबता," तो मला म्हणायचा, "तुझी बायल तेवडी रवणा नाय." तक्रार करत नव्हता. देवळात बोलतात तसं बोलायचा.

गोवा सुटला आणि तिकडून हातात मावणारे कॅमेरे आले. त्यांना कोणी थांबावं लागत नव्हतं. हालूनकोला बोलावणारं घर उरलं नाही. डोळ्यांत फूल पडलं. शेवटचा आला तेव्हा पडदा कुठेतरी विकून टाकला होता, हंसासकट. पेटी तेवढी खांद्यावर. हिने पेज वाढली. जेवून त्याने अंगणात घोडी मांडली, माझ्या दादांनी केलेला सागाचा पाय अजून ताठ. पेटीच्या मागे काच सरकवायची खाच मोकळी होती. मला दिसली. हिलाही दिसली.

"वयनी, रव मगे उबी," तो म्हणाला.

ही पदर सारखा करून फणसाखाली उभी राहिली. त्याने हात वर केला. या वेळी तो काही बोललाच नाही. आणि ती हालली नाही. चुलीवर भात होता, पोर आतून हाका मारत होतं, वाऱ्याने बट तोंडावर आली. हालली नाही. तो फडक्याखाली गेला, झाकण काढलं, आपला वेळ घेतला आणि झाकण लावलं. बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता.

"गावलंस गो," तो म्हणाला.

पुढल्या पावसात तो गेल्याचं कळलं. पेटीचं काय झालं कोणाला माहीत नाही.

ही यंदा चैत्रात गेली. ओटीवर निजवली होती. हात छातीवर, पाय जुळवलेले, कशी सरळ. बायका रडत होत्या आणि मी बघत होतो. माझ्या तोंडून निघालं, "हाल गो. एकदा हाल." लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

मुलगा मुंबईहून आला. भिंतीवर आईचा फोटो हवा म्हणाला. मतदानाच्या कार्डावर एक आहे, त्यात ती निवडणुकीला उभी राहून पडल्यासारखी दिसते. हिच्या लुगड्यांच्या पेटीतला लग्नाचा फोटो त्याने बघितला. शहरातला पोरगा दुसरी बाई पुसून देईल, म्हणाला. मी नाही म्हटलं. शब्द दिला होता, आणि बहिणीला कोणी पुसत नाही.

मी फणसाची फळी तासली, चौकट केली आणि भांडणाचा फोटो लावला.

"बाबा, ह्येच्यात आई खंय आसा?" मुलाने विचारलं.

"ती काय, पांढरी."

मी रोज सकाळी चहा घेऊन समोर बसतो. दादा, मामू, हसन, वाकस धरलेला मी, सगळे हालूनकोने थांबवले तिथे थांबून आहेत. मी सोडून त्यातलं आता कोणी नाही. त्या अंगणातून ती एकटीच चालली आहे, तांब्या घेऊन.