निंबाखालची जागा आणि हेड गॅस्केट

आमच्या गाडीचं हेड गॅस्केट माझ्या साडूने उडवलं. तो त्या वेळी स्वतःच्या गाडीत, माझ्या मागे होता, हा तपशील मी सहसा सांगत नाही.

साडू म्हणजे प्रमोदराव, माझ्या मेव्हणीचे, शोभाचे यजमान. सावद्याचे केळीवाले. त्यांनी पांढरीशुभ्र मोठी गाडी घेतली आणि माझी झोप उडाली. (मी जळगावच्या मेहरूणचा नोकरदार. माझी गाडी मुलीच्या वयाची, आणि मुलगी कॉलेजात.) तेही मी गिळलं असतं. पण धुळ्याला सासऱ्यांच्या दारात निंबाचं एकच झाड आहे आणि त्याच्या सावलीत एकच गाडी मावते. थोरला जावई मी, जागा माझी. गेल्या दिवाळीला तिथे पांढरी गाडी आणि माझी रस्त्यावर, गटारीला लागून!

म्हणून यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी बहिणी आपापल्या गाडीतून माहेरी निघाल्या तेव्हा मी मनाशी ठरवलं, निंबाखाली आधी मी.

पारोळ्यापर्यंत मीच पुढे होतो. मग इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला.

"अहो, काटा लाल रेघेला टेकला," बायको, मंगल, म्हणाली.

"टेकू दे. जुन्या गाड्यांचं तसंच असतं."

"थांबा ना जरा."

"थांबलो की ते पुढे जातील."

थांबण्याऐवजी मी एसी बंद करून हीटर लावला. (हीटर लावला की इंजिनची आग आत येते आणि इंजिनला बरं वाटतं, असं मोबाईलवर पाहिलं होतं. आत बसलेल्यांना काय वाटतं, ते त्यात नव्हतं.) बाहेर खान्देशचं ऊन, आत हीटर. मंगलने काचेकडे हात नेला.

"काच नको उघडू. आपला एसी बिघडला म्हणतील."

"म्हणू देत. माझं इथे भरीत होतंय."

मी आरशात पाहिलं. त्यांच्याही काचा बंद. आत किती गार वाटत असेल, या विचाराने मी हीटरपेक्षा जास्त तापलो.

मुकटीच्या पुढे बोनेटखाली 'फट्ट' झालं, मागून पांढरा धूर निघाला आणि गाडी जागच्या जागी गप्प झाली. प्रमोदरावांनी डिकीतून दोरी काढली. सासरच्या गल्लीत मी शिरलो तो त्या पांढऱ्या गाडीच्या मागे, दोरीला बांधलेला.

आबा, म्हणजे सासरे, ओट्यावरून उतरले. "काय व्हयनं जवाईबापू?" मग गाडी ढकलायला गल्लीतल्या सगळ्यांना हाक मारली, "बठ्ठा या. लोटा गाडी निंबखाले. मिस्तरीले सावली पाहिजे."

अशा रीतीने जागा मला मिळाली.

मिस्तरीने इंजिनचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. "तेलात पाणी गेलंय, बघा, चहा झालाय. गॅस्केट जळालं. हेडही वाकलंय, लेथवर घासून आणावं लागेल. काटा चढला तेव्हा थांबले का नाहीत साहेब?"

"दिसला नाही," मी म्हणालो.

शेजारी प्रमोदराव घाम पुसत होते. "भाऊ, खरं सांगू? तुम्ही थांबावं म्हणून मी देव पाण्यात घातले होते. आमचा एसी आठवडाभर बंद आहे. पण तुमच्या काचा बंद दिसल्या, मग आम्ही कोणत्या तोंडाने उघडणार? शोभा तर रडकुंडीला आली होती."

मला इतका आनंद झाला की गॅस्केटचं दुःख विसरलो. "आमचा एसी भारीच आहे," मी म्हणालो.

"हीटर लावला होता यांनी," मंगल आखाजीसाठी बांधलेल्या झोक्यावरून ओरडली. ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

रविवारी हेड घासून आलं, नवं गॅस्केट बसलं आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. "घेऊन जा साहेब, एकदम मख्खन," मिस्तरी म्हणाला. मी गिअर टाकणार, तोच समोर नजर गेली. रस्त्यावरच्या उन्हात प्रमोदराव आपल्या गाडीत बसले होते. इंजिन चालू, तोंड निंबाकडे.

मी किल्ली काढून खिशात टाकली. "इंजिनला जरा आराम हवा," मी आबांना सांगितलं.

सोमवारी जळगावला ऑफिसात मी एसटीने गेलो.