पाण्याखालचं सासर

पौषात लग्नं नसतात, म्हणून आमच्या मंडपवाल्याच्या घराला तेवढाच काय तो सुट्टीचा महिना. त्या वर्षी तोही गेला. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, जिला सगळं घर अक्का म्हणायचं, धुळ्याला आमच्याकडे येऊन बसली. देवीचा नैवेद्य राहिलाय, गुडघे चालताहेत तोवर मला डोंगरावर न्या, एवढंच मागणं.

तापीवर धरण झालं तेव्हा अक्कांच्या सासरचं गाव पाण्याखाली गेलं आणि गावामागचा देवीचा डोंगर तेवढा बेट होऊन वर राहिला. बुडालेल्या गावात काय बघायचं, म्हणून आबांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, त्यांना पुन्हा कधी तिकडे जाऊ दिलं नाही. आबा आदल्या साली गेले. इतकी वर्षं देवी उपाशी आहे, या घोराने अक्कांना झोप नव्हती. आणि त्यांचे गुडघे पाहता पुढच्या पौषात त्या आमचा जिना तरी चढतील का, याची शंकाच होती. नाही म्हणणार कोण?

नवऱ्याने मंडपाची मॅटॅडोर रिकामी करून आत गाद्या अंथरल्या. स्टोव्ह, पाण्याची टाकी, पिठाचा डबा, वांगी, बट्ट्या भाजायला गोवऱ्या असा सगळा संसार आत चढला. फिरतं घर केलं म्हणून स्वारी खूश होती. फिरत्या घरातही चूल माझ्याच गळ्यात, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

दोंडाईचा मागे पडेपर्यंत माझी कंबर बोलायला लागली होती. नंदुरबारच्या पुढे रस्ता अक्का सांगू लागल्या. चिंचेपाशी वळ, विहिरीवरून सरळ जा. एकदाही अडखळल्या नाहीत. कोणाला विचारू या, असं मी दोनदा म्हटलं, तर सासरचा रस्ता सून विसरते का, असं त्यांनी मलाच सुनावलं. ऊन उतरता उतरता नवऱ्याने करकचून ब्रेक मारला. डांबरी रस्ता समोर सरळ पाण्यात उतरत होता. कडेचा मैलाचा दगड कमरेपर्यंत बुडाला होता आणि त्यावर अक्कांच्या गावाचं नाव अजून वाचता येत होतं.

डोंगराकडे जाणारी लाँच सुटायची ती जागा मागे, चांगल्या दोन तासांच्या वाटेवर होती. नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. अक्का खाली उतरल्या, पाण्याकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "रस्ता तं बरोबर शे."

मला राग आला होता, पण तो काढायला जागाच उरली नाही. मुक्काम तिथेच पडला. देवीला शिळं चालत नाही, म्हणून वाटेसाठी केलेल्या बट्ट्या आम्हीच खाल्ल्या आणि सकाळी थंडीत, धुराने डोळे चोळत, मी पुन्हा गोवऱ्या पेटवल्या. देवीने हा नैवेद्य माझ्या हातून मागितला नव्हता, एवढं मात्र मी मनातल्या मनात तिला सांगून टाकलं.

दोन तास मागे जाऊन गाठलेली लाँच म्हणजे डिझेल इंजिन बसवलेली लाकडी नाव. आम्ही, नावाडी आणि मासळीच्या रिकाम्या टोपल्या. मी डबा मांडीवर घेऊन पेंगत होते. मधेच अक्कांनी डोंगराच्या खिंडीकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं, जागेवर सावरून बसल्या आणि पदर कपाळापर्यंत ओढला. ऊन लागतंय का, मी विचारलं.

"मना सासरानं दार उनं," त्या म्हणाल्या.

सासरचं दार आलं म्हणे, आणि चारी बाजूंना नुसतं पाणी. मला काय वाटलं कोण जाणे, मीही पदराला हात घातला. अक्कांनी तो धरला. तू कशाला घेतेस, तुझं सासर धुळ्यात आहे, म्हणाल्या. नावाड्याने आमच्याकडे पाहिलं आणि मग खिंडीकडे.

गावातून देवीला जाणाऱ्या दगडी पायऱ्या थेट पाण्यातून वर येत होत्या. अर्ध्या खालीच बुडाल्या होत्या, म्हणजे अर्धा डोंगर पाण्यानेच चढवून दिला. उरलेला मात्र काळा, फुटका, बोराटीच्या काट्यांनी भरलेला. अक्का बसत, हातांनी सरकत चढल्या. नवरा पुढून ओढत होता, मी मागून आधार देत होते, आणि तिघांपैकी कोणाच्याच अंगात त्राण उरलं नव्हतं.

वर देवीच्या तांदळ्याला, म्हणजे देवी म्हणून पुजलेल्या त्या ओबडधोबड दगडाला, ताजा शेंदूर होता. पुढ्यात नारळाची करवंटी, विझलेली उदबत्ती. नावेवरची माणसं येता-जाता देवीचं करत असणार. अक्कांनी नैवेद्य दाखवला, हात जोडले, पण थोड्या हिरमुसल्याच. माझ्यावाचून हिचं काही अडलं नव्हतं, असं पुटपुटल्या. मला तर हसावं की रडावं कळेना. एवढी हाडं मोडून घेतली ती कशासाठी?

परतताना नावाड्याने मधेच इंजिन बंद केलं. आम्ही कोणी सांगितलं नव्हतं, सकाळची जागा त्याने लक्षात ठेवली होती. अक्कांनी पुन्हा पदर ओढून घेतला. डब्यात नैवेद्याची एक बट्टी उरली होती. ती त्यांनी मागून घेतली, कुस्करली आणि वाकून पाण्यात सोडली. तुकडे थोडा वेळ तरंगले, मग खाली गेले.

देवीचं झालं होतं, आता घरी जायचं होतं, म्हणून मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पदराआडून त्या मला विचारत होत्या, अगदी नव्या सुनेच्या आवाजात.

"सासू इचारी, इतला दिन कोठे व्हती. काय सांगू?"