गणपतीची खोली कुठल्याच पॉलिसीत नव्हती

पार्से गावातल्या एकाच घराच्या मी तीन पॉलिसी केल्या आणि घराच्या मधोमध असलेली सगळ्यांत मोठी खोली तिन्हींतून बाहेर ठेवली. चुकून नव्हे, विचार करून. त्या दिवशी स्वतःच्या हुशारीचं मला इतकं कौतुक वाटलं की डिचोलीला परतताना स्कूटरवर मी मोठ्यानं गात होते.

मी जनरल इन्शुरन्सची एजंट. आता निवृत्त आहे. गुडघे आणि नातवंडं सांभाळते. तेव्हा मात्र डिचोली आणि पेडणे हे दोन्ही तालुके आपल्याच भरवशावर उभे आहेत अशी माझी समजूत होती. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला रेक्झिनची बॅग, आणि बोलणं असं की समोरच्यानं 'हो' म्हटल्याशिवाय त्याला श्वास घ्यायला मिळत नसे.

घर तीन भावांचं. थोरले सदाभाऊ गावातच राहून काजूची बागायत बघत. मधले विनायकराव खाणीच्या ऑफिसात होते. धाकटा सुरेश म्हापशाला फ्लॅटमध्ये राही आणि सुट्टीला येई. वाटण्या झाल्या होत्या. डावीकडच्या खोल्या थोरल्यांच्या, मागच्या मधल्यांच्या, उजवीकडच्या सुरेशच्या. मधली खोली कुणाच्याच वाट्याला नव्हती, कारण चतुर्थीला तिथे गणपती बसतो. वाटण्यांनंतरही गणपती एकच राहिला होता.

त्याच खोलीत कदेलावर, म्हणजे लाकडी खुर्चीवर बसून, माईवहिनींनी, म्हणजे सदाभाऊंच्या बायकोनं दिलेला चहा पीत मी फॉर्म भरले. तिघांच्या खोल्या तिघांच्या नावावर लिहिल्या. मग विचारलं, "ही मधली कोणाच्या नावावर घालू?"

"ती देवाची," सदाभाऊ म्हणाले.

"मग सही देव करणार?"

सगळे हसले. माझा विनोद जमला म्हणून मी खूश झाले आणि पुढच्या पानावर गेले. खरं तर सामाईक खोलीसाठी तिघांच्या एकत्र नावानं पॉलिसी करता आली असती. पण मग तिघांना एका कागदावर आणायचं, कोण किती भरणार यावर वाद ऐकायचा. त्यापेक्षा विनोद सोपा होता.

किती रकमेचा विमा घ्यायचा, तेही मी तिघांनाच विचारलं. तिघांनीही पंचायतीच्या घरपट्टीवरचा आकडा सांगितला. मी तो तसाच लिहिला. घरपट्टीवरचं घर आणि खरं घर यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे मला माहीत होतं. पण गिऱ्हाईक म्हणेल ते.

पुढच्या श्रावणात एका वादळी दुपारी माईवहिनींचा फोन आला.

"बाय, फणस पडलो."

"कशावर, वयनी?"

"गणपतीच्या खोलयेर."

मी फोन ठेवला आणि तिन्ही पॉलिसींच्या प्रती काढून बसले.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला. सर्व्हेअर म्हणजे नुकसान किती झालं ते बघून कंपनीला सांगणारा माणूस. शांत, चष्मेवाला, बुटांना चिखल लागू नये म्हणून विटांवरून उड्या मारत चालणारा. त्याच्याआधी मी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "तसं बघितलं तर झाड सुरेशच्या खोलीवरच पडलंय. थोडं इकडे आलंय, इतकंच."

त्यानं मधल्या खोलीत आडव्या पडलेल्या फणसाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मॅडम, तेवढं झाडाला सरकायला सांगा. मी थांबतो."

सुरेशच्या खोलीची भिंत खरोखर तडकली होती. पण तिथेही माझी करामत आड आली. घर पुन्हा उभं करायला जेवढा खर्च येईल, त्याच्या निम्म्याच रकमेचा विमा असेल, तर नुकसानही निम्मंच भरून मिळतं. धंद्यात याला 'अंडरइन्शुरन्स' म्हणतात. सुरेश याला दुसरंच काहीतरी म्हणाला. ते इथे लिहिता येणार नाही.

मग तो सदाभाऊंकडे वळला. "दादा, उघड्यार गणपती बसवचो काय? औंदा मी म्हापशाक बसयतंय."

आमच्याकडे गणपती एकदा वेगळा बसवला की तो दर वर्षी वेगळाच बसवावा लागतो. परत एकत्र आणता येत नाही. घराच्या वाटणीनं जे झालं नव्हतं, ते माझ्या विनोदानं होणार होतं.

मी थेट ब्रँच मॅनेजरकडे गेले.

"साहेब, काहीतरी करा."

"ज्या खोलीचा प्रीमियम आपण घेतलाच नाही, तिचे पैसे कुठल्या हेडखाली देऊ?"

"गणपतीचा प्रश्न आहे, साहेब."

"गणपती माझ्याही घरी आहे, मॅडम. पण त्याची आणि हेड ऑफिसची ओळख नाही."

ही बातमी घेऊन मी पार्श्याला गेले. शिव्या खायची तयारी ठेवली होती. माईवहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि सुरेशला फोन लावला. "आयतवारी ये. गणपती खंय बसवचो ता मागीर बघू. आदी कौलां काढूक हात होये." विनायकरावांनाही तेच सांगितलं, फक्त जरा मोठ्यानं.

रविवारी तिघे भाऊ छपरावर. सदाभाऊ हुकूम सोडत होते, सुरेश उलट उत्तरं देत होता, आणि विनायकराव वाशाला मिठी मारून बसले होते, कारण त्यांना उंचीची भीती.

"विनू, खाली बघू नको."

"मी खंयच बघणंय नाय. डोळे मिटलेत."

सुरेश इतका हसला की त्याच्या हातातलं कौल निसटून फुटलं. मी खालून कौलं देत होते. प्रायश्चित्त म्हणून नव्हे. माईवहिनींनी हातात दिली म्हणून. अर्ध्या छपरावर जुनी कौलं बसली, उरलेल्यावर शेजाऱ्यांचे पत्रे.

चतुर्थीला मीही गेले. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, नव्या बांबूंना बांधली होती. पत्र्यांवर पाऊस इतका वाजत होता की आरती कुणालाच नीट ऐकू येत नव्हती. त्यामुळे विनायकराव वेगळीच म्हणत होते, आणि चालून जात होतं. गणपती एकच होता.

दिवाळीनंतर मी टेप घेऊन पुन्हा त्या घरी गेले. या वेळी एकच पॉलिसी, तिघांच्या नावानं. प्रत्येक खोली मोजली. गोठा आणि न्हाणीसुद्धा. रक्कम ठरवताना घर विकलं तर काय येईल ते धरलं नाही, कारण त्यात जमिनीची किंमत येते आणि जमीन वादळात पडत नाही. चिरे, लाकूड, कौलं आणि आजची मजुरी लावून तेच घर पुन्हा बांधायला काय लागेल, तो हिशेब धरला.

आता माझी नात मोबाईलवर चार बटणं दाबून घराचा विमा काढते. मी तिला एवढंच सांगते: फॉर्म भरायच्या आधी उठून घरभर एकदा फिर. विमा घराचा असतो, वाटण्यांचा नव्हे. तिला वाटतं, आजी म्हातारी झाली.

त्या दिवशी टेपचं दुसरं टोक माईवहिनींनी धरलं होतं. मधल्या खोलीच्या भिंतीला ते टेकवून त्या मला म्हणाल्या:

"बाय, औंदा तुझे पैसे गावले नाय ता बरा झाला. गावले असते तर गवंडी येऊन काम करून गेलो असतो, हे तिघे एका छपरार चढले नसते. पण आता ही खोली आदी लिही. ह्या वयात हेंका परत वर चढवूक माका जमाचा नाय."