नळाचा ठराव

परळच्या आमच्या चाळीत हात वर केल्याशिवाय काही ठरत नसे. गणपतीची वर्गणी असो की जिन्याचा रंग, सगळे अंगणात जमत आणि सेक्रेटरी शामराव मान वर करून गॅलऱ्यांतले हातसुद्धा बघत. मूळचे मालवणकडचे, मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. कुणाचं मन दुखू नये म्हणून सगळ्यांना विचारून चालणारा माणूस.

दर सव्वीस जानेवारीला ते झेंड्याखाली घटनेचा सरनामा खणखणीत वाचत आणि शेवटी सवयीने म्हणत, "मान्य असेल त्यांनी हात वर करा."

"रे शामा, खंयचो हात? उजवो काय डावो?" म्हाताऱ्या राधाबाई वरून विचारत.

"शामराव, मंजूर झालीय रे ती आधीच!" भिवा ओरडे. चाळ हसे. शामरावही हसत.

भिवा त्यांच्याच खात्यातला, जिवाभावाचा मित्र. राहायचा चाळीच्या मागच्या खोल्यांत. तिथल्या बायकांनी अंगणातल्या नळाला हात लावायचा नाही, संडासाजवळच्या नळावर पाणी भरायचं, अशी जुनी रीत होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात लाठीमार झाला, शामरावांचं डोकं फुटलं, तेव्हा भिवानेच त्यांना पाठीवर घेऊन घरी आणलं होतं. त्याच वर्षी भिवाच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला.

सत्तावनच्या उन्हाळ्यात मागच्या नळाला गढूळ पाणी येऊ लागलं. भिवाची धाकटी शेवंती आजारी पडली. शामरावांना राहवेना. मागच्या बायकांनाही अंगणातल्या नळावर पाणी भरू द्यावं म्हणून महिनाभर ते दारोदार फिरले, हातापाया पडले. काहींनी तोंडावर दार लावलं. भिवाला उगीच लाज वाटायला नको, म्हणून त्याला काही कळवलं नाही. मग एका रविवारी सभा घेतली. ठराव जेमतेम पास झाला.

पेढ्यांचा पुडा घेऊन ते धावतच मागे गेले. "भिवा, पास झाला! उद्यापासून चंपावहिनी पुढच्या नळावर!"

"काय पास झालं?"

शामरावांनी सांगितलं. भिवाने पुड्याला हात लावला नाही.

"आणि पडला असता तर?"

"तर पुढल्या वर्षी परत मांडला असता. मी सोडणार होतो होय?"

"म्हणजे माझ्या पोरीच्या पाण्यासाठी दरसाल हात मोजायचे?"

भिवाची बायको चंपा शेवंतीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "भावजी, लग्न होऊन तुमच्या घरात आलेल्या कौसल्यावहिनी पहिल्यांदा त्या नळावर गेल्या, तेव्हा कोणी हात वर केले होते?"



दुसऱ्या दिवशी सकाळी चंपा पुढच्या नळावर आली, हंडा भरून गेली. ठरावामुळे आली नव्हती, हे तिच्या ताठ मानेवरून दिसत होतं. पावसाळ्याआधी भिवाच्या घराने चाळ सोडून भोईवाड्यात खोली घेतली. मिलमध्ये भिवा शामरावांशी बोलत असे, कामापुरतं. मोर्च्याला दोघेही जात, पण वेगवेगळे.

पुढच्या सव्वीस जानेवारीला शामरावांनी सरनामा वाचला आणि कागदाची घडी घातली.

"रे, हात वर करूचे नाय?" राधाबाईंनी विचारलं.

"नको, राधाबाई. ती मंजूर झालीय आधीच."

हे बोलताना ते मागच्या खोल्यांकडे बघत होते. तिथे आता दुसरं बिऱ्हाड होतं.