शांताराम, सोड!

रामवाडीतल्या शेवंतामावशी नसत्या, तर आज मी बायको, ट्रंक आणि कुत्रा घेऊन पेणच्या एसटी स्टँडवर संसार करत असतो. म्हणून आधी त्यांचं नाव. मावशी मिठागरावर काम करतात आणि आमच्या शेजारी राहतात.

आता कुत्रा. माझं गाव पार परभणीकडं. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच; पोटामागं फिरत रोह्याच्या एका कंपनीत लागलो, खोली मात्र इथं पेणला. तिथल्या सोबत्यानं हा तरणा कुत्रा दिला. "शेतातली रानडुकरं हाकलायला शिकवलाय," म्हणाला. (आमच्या एका खोलीत रानडुकरं कुठली? पण फुकट म्हटलं की माझी अक्कल शिफ्ट संपवून घरी जाते!) स्वभाव निवळावा म्हणून मी त्याचं नाव शांताराम ठेवलं. आल्या आल्या त्यानं एक घूस, एक सरडा आणि माझी डावी चप्पल मारली.

घरमालक नानांनी गावदेवीला बोललेला कोंबडा अंगणात पाळला होता. त्यांनी बजावलं, "याचा जीव गेला तर खोली खाली!" मला तर झोपच लागेना. परक्या गावात कुत्रेवाल्याला दुसरी खोली कोण देणार?

आणि एका रविवारी शांतारामानं दोर तोडला. कोंबडा तोंडात!

"धरा! धरा त्याला!" मी ओरडलो.

"धरा रे!" काठी घेऊन नाना ओरडले.

आम्ही जितकं ओरडू तितका शांताराम जबडा आवळी. कोंबड्याचे डोळे माझ्यासारखेच पांढरे झाले!

मावशी धावत आल्या. "गप र्‍हावा सगली! डुकराव सोडताना त्याला 'धर'च बोलत असतील. तुमी धर बोलताव, तो धरतंय! त्याचा काय चुकला?"

तेवढ्यात सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याच्या गळ्यातला तुटका दोर पकडला. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "सोड! सोड!"

तिनं सोडला.

"अगं तुला नाही, कुत्र्याला!"

"मग नाव घेऊन बोला की!"

"शांताराम, सोड!"

नानांनी काठी सोडली. (नानांचं खरं नाव शांताराम! रोज सकाळी मी अंगणात "शांताराम, इथं घाण करू नको" म्हणालो की ते तोंड का फिरवत, ते तेव्हा उमगलं.)

मावशी मुकाट्यानं उकिडव्या बसल्या. हातात सुका बोंबील. "ये रं बाला." शांतारामानं कोंबडा टाकला, बोंबील घेतला. कोंबडा उठला, चालू लागला. शेपटी तेवढी नव्हती.

"आता देवीला हा दावू कसा?" नाना कळवळले.

"पिसां परत येतील, नाना. असं भाडेकरू परत मिळतील काय?" मावशी म्हणाल्या.

"मिळूच नयेत!" नाना म्हणाले. पण हसले. खोली राहिली.

मग मावशींनी मला शिकवलं : दोर मजबूत, कुत्र्याचं पोट भरलेलं, मालकाचं तोंड बंद. पहिल्या दोन गोष्टी जमल्यात. कुत्र्याचं नावही बदललं, आधी गल्लीभर विचारून! मावशींचे उपकार मी एक दिवस फेडणारच. त्यांना परभणीला हुरडा खायला नेणार, हा माझा शब्द. तोंड उघडून दिलेला शेवटचा!